आकाशदर्शन शिबिरासाठी अंधाऱ्या स्थळाची निवड : निकष आणि कार्यपद्धती

सारांश

महाविद्यालयीन स्तरावर आकाशदर्शनाची शिबिरे आयोजित केली जातात. परंतु स्थळाची निवड करताना ‘शहरापासून दूर’ हा एकच निकष पुरेसा मानला जातो. प्रत्यक्षात आकाशाचा अंधार हा केवळ अंतरावर अवलंबून नसतो. शहराची लोकसंख्या, डोंगररांगांची रचना, दक्षिण क्षितिजाची स्थिती, चंद्राची तिथी, ऋतू आणि मुक्कामाच्या जागेवरील दिवे या सर्वांचा त्यावर परिणाम होतो. प्रस्तुत लेखात महाराष्ट्राच्या संदर्भात या घटकांचे विवेचन केले असून स्थळनिवडीची एक सोपी कार्यपद्धती मांडली आहे. अंधार हा तपासून निवडावा लागतो आणि स्थानिकांच्या सहकार्याने राखावा लागतो, हे या लेखाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : आकाशदर्शन, प्रकाशप्रदूषण, प्रकाशघुमट, अंधारे आकाश, शैक्षणिक शिबिर

१. प्रस्तावना

कृषिप्रधान महाराष्ट्राच्या लोकजीवनात नक्षत्रांना महत्त्वाचे स्थान आहे. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य या नावांनीच शेतकरी पावसाचा हिशेब ठेवतो. आपल्या वर्गातील विद्यार्थ्यांनाही ही नावे परिचित असतात. मात्र जूनमध्ये ‘मृग लागला’ असे आपण म्हणतो तेव्हा सूर्य त्या नक्षत्रात असतो आणि म्हणून ते नक्षत्र त्या दिवसांत रात्री दिसत नाही, ही साधी गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. नाव ठाऊक आहे, परंतु दर्शन नाही, अशी ही स्थिती आहे.

या स्थितीचे एक कारण आकाशातच आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या कृत्रिम रात्रप्रकाशाच्या जागतिक नकाशासंग्रहानुसार जगातील सुमारे एकतृतीयांश लोकांना राहत्या ठिकाणाहून आकाशगंगेचा पट्टा दिसू शकत नाही. २०२३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात २०११ ते २०२२ या काळातील नागरिकांच्या पन्नास हजारांहून अधिक नोंदी वापरण्यात आल्या. या नोंदी प्रामुख्याने युरोप व उत्तर अमेरिकेतील आहेत. त्यांवरून आकाशाची उजळणी वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढत असल्याचे दिसून आले. या वेगाने, जन्माच्या वेळी जेथे २५० तारे दिसत होते तेथे ते मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत जेमतेम १०० तारे उरतात. अठरा वर्षे हे आपल्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याचे वय होय, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

२. समस्येचे स्वरूप

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखिकेने भूगोल विभागाच्या ३८ विद्यार्थ्यांसाठी एका धरणाजवळील विश्रामगृहात आकाशदर्शन शिबिर घेतले होते. शहरापासून रस्त्याने ९० किलोमीटर अंतर, मोकळी जागा, निवासाची व भोजनाची सोय एवढे पाहून स्थळ निश्चित केले होते. जागेची पाहणी मात्र दुपारी केली होती. प्रत्यक्ष शिबिराच्या रात्री फाटकाजवळचा उंच खांबावरील दिवा रात्रभर सुरू राहिला. तो बंद करण्याचा अधिकार तेथील रखवालदारास नव्हता. पूर्वेकडे गळीत हंगाम सुरू असलेल्या साखर कारखान्याचा उजेड पसरला होता आणि शुद्ध एकादशीचा चंद्र मध्यरात्र उलटून गेल्यावरही आकाशात होता. “मॅडम, आकाशगंगा नक्की कुठं आहे?” असे एका विद्यार्थिनीने विचारले. तिला बोटाने दिशा दाखवता आली, आकाशगंगा दाखवता आली नाही.

यात दोष कोणा अन्य व्यक्तीचा वा संस्थेचा नव्हता. तिथी, दिशा आणि दिवे या तिन्ही बाबी आधी तपासता आल्या असत्या. पुढील विवेचन त्या अनुभवातून आणि त्यानंतरच्या वाचनातून व पाहणीतून आले आहे.

३. अंधाराचे मापन

अंधार हा शब्द व्यवहारात सैलपणे वापरला जातो. खगोलनिरीक्षणात मात्र त्याचे मापन करता येते. जॉन बॉर्टल या अमेरिकी निरीक्षकाने २००१ साली ‘स्काय अँड टेलिस्कोप’ या मासिकात नऊ श्रेणींची एक मोजपट्टी मांडली. पहिली श्रेणी म्हणजे सर्वांत अंधारे आकाश आणि नववी म्हणजे महानगराच्या मध्यभागाचे आकाश. या पट्टीसाठी उपकरण लागत नाही. डोळ्यांना काय दिसते, यावरून श्रेणी ठरते.

दुसरी पद्धत उपकरणाची आहे. हातात मावणारे आकाश-दीप्तिमापक उपकरण डोक्यावरील आकाशाकडे धरले असता एक संख्या मिळते. ही संख्या ताऱ्यांच्या प्रतीप्रमाणे उलटी वाचायची असते. संख्या जितकी मोठी, तितका अंधार अधिक. नैसर्गिक अंधाऱ्या आकाशासाठी हे मूल्य २२ च्या जवळपास असते, तर मोठ्या शहरात ते १७ ते १८ पर्यंत उतरते. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजस्वितेत शंभरपटीचा फरक. म्हणजेच १७ मूल्य असलेले आकाश २२ मूल्याच्या आकाशापेक्षा शंभरपट उजळ असते. शिबिरासाठी २१ किंवा त्याहून अधिक मूल्याचे स्थळ मिळाल्यास आकाशगंगेचा पट्टा स्पष्ट दिसतो.

उपकरण नसल्यास पुढील तीन कसोट्या पुरेशा ठरतात. पहिली, कृत्तिका पुंजातील किती तारे मोजता येतात ते पाहावे. दुसरी, ध्रुवमत्स्य तारकासमूहातील ध्रुवाव्यतिरिक्तचे मंद तारे ओळखता येतात का, हे पाहावे. तिसरी कसोटी ढगांची आहे. शहराजवळ ढग खालून उजळलेले, पांढुरके किंवा तांबूस दिसतात. खऱ्या अंधाऱ्या जागी मात्र ते आकाशापेक्षा काळे दिसतात, कारण त्यांना उजळवणारा दिवाच खाली नसतो.

४. अंतराचा प्रश्न

शहराच्या दिव्यांचा जो भाग वर जातो तो हवेतील रेणू व धूलिकणांमुळे विखुरला जातो आणि क्षितिजावर उजेडाचा घुमट तयार होतो. यालाच प्रकाशघुमट म्हणता येईल. पांढऱ्या एलईडी दिव्यांत निळ्या प्रकाशाचे प्रमाण पूर्वीच्या पिवळ्या सोडियम दिव्यांपेक्षा अधिक असते. निळा प्रकाश अधिक विखुरला जात असल्याने आकाशाची हानीही अधिक होते.

शहरापासून किती दूर जावे, याचा अंदाज देणारे एक सूत्र मर्ल वॉकर यांनी १९७७ साली मांडले. त्यानुसार शहराच्या दिशेच्या आकाशातील कृत्रिम उजेड लोकसंख्येच्या प्रमाणात वाढतो आणि अंतराच्या अडीचाव्या घाताच्या प्रमाणात घटतो. अंतर दुप्पट केल्यास उजेड पाचपटीहून अधिक कमी होतो. या सूत्राने काढलेले अंदाज उद्बोधक आहेत. दहा लाख लोकसंख्येच्या शहरापासून ५० किलोमीटरवर, शहराच्या दिशेला क्षितिजापासून ४५ अंश उंचीवर, नैसर्गिक दीप्तीत सुमारे ५७ टक्क्यांची भर पडते. १०० किलोमीटरवर ती १० टक्के उरते. २०११ च्या जनगणनेत सुमारे ५० लाख लोकसंख्या असलेल्या पुणे नागरी समूहासाठी १०० किलोमीटरवरही ही भर ५० टक्के येते. सुमारे १ कोटी ८४ लाख लोकसंख्येच्या मुंबई नागरी समूहासाठी तर ती १०० किलोमीटरवर १८४ टक्के आणि २०० किलोमीटरवर ३३ टक्के येते.

हे सूत्र एलईडी दिवे येण्यापूर्वीच्या काळातील अमेरिकी शहरांवरून बेतलेले आहे आणि त्यात डोंगरांचा विचार नाही. त्यामुळे हे आकडे अंदाज म्हणूनच घ्यावेत. तरीही त्यातून दोन निष्कर्ष निघतात. एक, ‘शहरापासून शंभर किलोमीटर’ या शब्दप्रयोगाला शहराचे नाव सांगितल्याशिवाय अर्थ नाही. दोन, अंतर सरळ रेषेत मोजले पाहिजे. घाटातील वळणांमुळे रस्त्याचे ९० किलोमीटर नकाशावर ५५ सुद्धा भरू शकतात. आमच्या पहिल्या शिबिरात हीच चूक झाली होती.

५. महाराष्ट्राच्या भूरचनेतील संधी आणि अडचणी

५.१ डोंगर व किनारा : सह्याद्रीची रांग शहराच्या बाजूचे क्षितिज झाकत असेल तर प्रकाशघुमटाचा सर्वांत तेजस्वी, क्षितिजालगतचा भाग दृष्टीआड होतो. भंडारदरा परिसरासारखी डोंगरांच्या कुशीतील ठिकाणे त्यामुळे उपयुक्त ठरतात. मात्र चारही बाजूंनी उंच कडे असलेल्या खोऱ्यात आकाशाचा तुकडाच दिसतो. याउलट कोकणच्या किनाऱ्यावर पश्चिमेला शहरच नसल्याने ते क्षितिज अंधारे व मोकळे मिळते. तेथे बंदरांचे व मासेमारी नौकांचे दिवे आणि हवेतील दमटपणा यांचा विचार करावा लागतो.

५.२ दक्षिण क्षितिज : महाराष्ट्र उत्तर अक्षांश साधारण १६ ते २२ अंशांच्या पट्ट्यात असल्याने दक्षिणेकडील अनेक तारे आपल्याला दिसतात, जे युरोपातून दिसत नाहीत. १८ अंश अक्षांशावरून अगस्त्य तारा जास्तीत जास्त सुमारे १९ अंश उंचीवर येतो, ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ सुमारे २४ अंशांवर, तर त्रिशंकू आणि मित्र हे साधारण ११ ते १२ अंशांवरच राहतात. म्हणून निवडलेल्या स्थळाच्या दक्षिणेला शहर, महामार्गावरील टोलनाका किंवा उंच डोंगर नसावा. मोठे शहर उत्तरेला असलेले स्थळ हे दक्षिणेला शहर असलेल्या तेवढ्याच अंतरावरील स्थळापेक्षा आपल्या दृष्टीने श्रेष्ठ ठरते.

५.३ ग्रामीण उजेड : ग्रामीण भाग म्हणजे अंधार, हे समीकरण आता टिकत नाही. पथदिव्यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमास २०१५ साली प्रारंभ झाल्यानंतर एलईडी पथदिव्यांचा प्रसार वेगाने झाला. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम हिवाळ्यात, म्हणजे नेमका निरीक्षणाच्या ऋतूत असतो. टेकडीवरील देवस्थानांचे उंच दिवे, वीटभट्ट्या, पवनचक्क्यांवरील लाल दिवे, ड्रॅगनफ्रूटच्या बागांत बिगरहंगामी फुलांसाठी रात्री लावले जाणारे दिवे यांचाही विचार करावा लागतो. गावाची जत्रा कधी आहे, हे विचारून घेणेही आवश्यक आहे.

६. काळाची निवड

स्थळ आणि काळ यांचा विचार एकत्रच केला पाहिजे. उत्तम स्थळीही पौर्णिमेच्या रात्री आकाशगंगा दिसत नाही. यासाठी घरातील पंचांग किंवा दिनदर्शिका हे पुरेसे साधन आहे. वद्य अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो आणि पुढे रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा येतो. म्हणून पूर्वरात्रीच्या निरीक्षणासाठी वद्य दशमी ते अमावास्या हा काळ निर्धोक होय. शुद्ध पक्षातील पहिल्या तीन-चार तिथींना चंद्र लवकर मावळतो, त्यामुळे याही रात्री वापरता येतात. सूर्यास्तानंतर सुमारे सव्वा तासाने सूर्य क्षितिजाखाली १८ अंश जातो व संधिप्रकाश पूर्णपणे संपतो. त्याआधी मंद वस्तूंचे निरीक्षण सुरू करू नये.

ऋतूच्या बाबतीत महाराष्ट्राची एक विशेष अडचण आहे. आकाशगंगेचा सर्वांत तेजस्वी भाग वृश्चिक आणि धनू राशींत आहे. तो जून ते ऑगस्टमध्ये रात्रभर दिसावा असा काळ येतो, तेव्हा येथे पावसाळा असतो. त्यामुळे हा भाग एप्रिल-मे महिन्यांत मध्यरात्रीनंतर पाहावा किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीस सायंकाळी नैर्ऋत्येला गाठावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निरभ्र असतो. त्या वेळी मृग, रोहिणी, कृत्तिका, व्याध व अगस्त्य यांचे दर्शन होते. सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर असलेली देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी पाहता येते ती याच ऋतूच्या पूर्वार्धात. मात्र नदीकाठी व धरणाजवळ पहाटे धुके आणि दव यांचा त्रास होतो. त्यामुळे पाण्यापासून थोडे उंचावरचे पठार निवडावे.

७. स्थळनिवडीची कार्यपद्धती

वरील विवेचनाच्या आधारे पुढील क्रम सुचविता येईल.

(अ) उपग्रहाने टिपलेल्या रात्रप्रकाशाचा नकाशा संगणकावर पाहून दोन-तीन संभाव्य जागा निवडाव्यात. या नकाशांसाठी ज्या उपग्रह-संवेदकाची माहिती प्रामुख्याने वापरली जाते, त्याला निळा प्रकाश जवळजवळ दिसत नाही. त्यामुळे एलईडी दिवे बसविलेला भाग नकाशावर प्रत्यक्षाहून अंधारा भासू शकतो. नकाशा ही सुरुवात आहे, पुरावा नव्हे.

(आ) निवडलेल्या जागी किमान एक रात्र, शक्यतो अमावास्येच्या आसपास, स्वतः जाऊन यावे. दिवसाची पाहणी निवासासाठी उपयोगी असते, आकाशासाठी नाही. आठही दिशांची क्षितिजे पाहून कोठे घुमट आहे व तो किती उंचीपर्यंत चढतो, याची नोंद करावी. मूठ हात लांब करून धरल्यास ती साधारण दहा अंश भरते.

(इ) मुक्कामाच्या जागेतील प्रत्येक दिव्याची नोंद घ्यावी आणि तो बंद करण्याचा अधिकार कोणाला आहे, हे नावानिशी विचारून घ्यावे.

(ई) परवानग्या घ्याव्यात. वनक्षेत्रात वनविभागाची परवानगी आवश्यक असते. संरक्षित किल्ल्यांवर रात्रीच्या मुक्कामास मनाई असू शकते, त्यामुळे पुरातत्त्व विभागाकडे विचारणा करावी. गावाच्या हद्दीत असल्यास सरपंच, पोलीस पाटील यांना कळवावे.

(उ) सुरक्षिततेचा विचार अंधाराइतकाच महत्त्वाचा आहे. विहिरी, कड्यांच्या कडा, सर्प-विंचू, जवळचे आरोग्य केंद्र, विद्यार्थिनींची निवासव्यवस्था व प्रसाधनगृहाची वाट या बाबी उजेडी पाहून घ्याव्यात. वाटेवर लाल कागद लावलेल्या बॅटऱ्या जमिनीलगत ठेवल्यास वाटही दिसते आणि डोळ्यांचे अनुकूलनही टिकते. डोळ्यांना अंधाराची सवय होण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात आणि भ्रमणध्वनीच्या पडद्याकडे एकदा पाहिल्यानेही ती मोडते, हे विद्यार्थ्यांना आधीच सांगावे.

८. अंधार राखण्याचा प्रश्न

उत्तम स्थळ सापडले तरी ते तसेच राहील याची हमी नसते. मुंबईच्या हौशी निरीक्षकांनी दीर्घकाळ वापरलेले वांगणी आज वाढत्या उपनगरांच्या वेढ्यात आहे. पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेची स्थापना १९४४ साली झाली, तेव्हाचे पुण्याचे आकाश आणि आजचे आकाश यांची तुलनाही करवत नाही. ‘आयुका’ने २००६ साली आपली दोन मीटर व्यासाची दुर्बीण पुणे शहरात न उभारता जुन्नरच्या बाजूला गिरवली येथील डोंगरावर उभारली, यामागेही अंधाऱ्या आकाशाचा शोध होता. परंतु दरवेळी अधिक दूर जाणे हा कायमचा उपाय नाही.

दुसरा मार्ग अंधार जपण्याचा आहे. नागपूरच्या उत्तरेकडील पेंच व्याघ्र प्रकल्पास जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्कस्काय इंटरनॅशनल’ या संस्थेकडून अंधाऱ्या आकाशाचे उद्यान म्हणून मान्यता मिळाली. भारतातील हे असे पहिलेच उद्यान आहे. यासाठी सिल्लारी परिसरातील गावांत शंभराहून अधिक दिवे बदलून केवळ जमिनीकडे प्रकाश टाकणारे दिवे बसविण्यात आले. गावे अंधारात ठेवली गेली नाहीत. उजेड जेथे हवा तेथेच पाडला गेला, हे या उदाहरणाचे महत्त्व आहे. लडाखमधील हान्ले येथे, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५०० मीटर उंचीवरील वेधशाळेभोवतीचा प्रदेश २०२२ साली अंधाऱ्या आकाशाचे राखीव क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला. तेथेही पडदे, दिव्यांवरील आच्छादने आणि मार्गदर्शक म्हणून प्रशिक्षित झालेले स्थानिक तरुण यांच्यावरच ही व्यवस्था उभी आहे.

आमच्या दुसऱ्या शिबिराचा अनुभव लहान प्रमाणावर हेच सांगतो. आम्ही एका पठारावरील गाव निवडले, अमावास्येच्या आदल्या रात्री जाऊन पाहणी केली आणि सरपंचांना भेटलो. शिबिराच्या रात्री नऊ ते अकरा गावाच्या त्या टोकाचे सात पथदिवे बंद ठेवण्यास ग्रामपंचायतीने संमती दिली. दिवे मालवल्यावर गावातील माणसेही मुलांना घेऊन शाळेच्या मैदानावर आली. एक आजी म्हणाल्या, “खांब आले तवापास्नं वर बघायचंच ऱ्हाऊन गेलं.” त्यांनी ‘बाज’ म्हणून दाखवलेले चार तारे सप्तर्षींपैकी होते, हे आमच्या विद्यार्थ्यांनी त्या रात्री त्यांच्याकडून शिकून घेतले. शिकविण्यासाठी गेलेल्यांनी शिकून परतावे, याहून क्षेत्रभेटीचे दुसरे फलित कोणते?

९. निष्कर्ष व सूचना

१. आकाशाचा अंधार हा अंतर, लोकसंख्या, भूरचना, दिशा, तिथी आणि स्थानिक दिवे यांचा एकत्रित परिणाम आहे. केवळ अंतरावरून स्थळ निवडू नये.

२. महाराष्ट्रातून निरीक्षण करताना दक्षिण क्षितिजाच्या अंधारास प्राधान्य द्यावे.

३. रात्रीची प्रत्यक्ष पाहणी हा स्थळनिवडीचा अनिवार्य टप्पा मानावा.

४. महाविद्यालयांनी भेट दिलेल्या स्थळांच्या दीप्तीच्या नोंदी दरवर्षी त्याच तिथीच्या सुमारास घेऊन जतन कराव्यात. भूगोल, भौतिकशास्त्र, पर्यावरणशास्त्र आणि समाजशास्त्र या विषयांच्या विद्यार्थ्यांना यातून संयुक्त प्रकल्प करता येईल.

५. सुरुवात स्वतःच्या प्रांगणापासून करावी. महाविद्यालयाच्या आवारातील वर उजेड टाकणारे किती दिवे खाली वळविता येतील, याची मोजणी एका सायंकाळी करता येण्यासारखी आहे.

आमच्या महाविद्यालयात ही मोजणी केली तेव्हा २६ पैकी ११ दिवे आकाशाकडे प्रकाश टाकत होते. त्यांपैकी आठ आता वळविले आहेत. छतावरून आकाशगंगा अद्याप दिसत नाही. मात्र कृत्तिकेतील तारे मोजण्याचा तास आता छतावर घेता येतो.